किल्ली न दिलेला शनिवार

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दुकानात भिंतीवरची चारशे घड्याळं दुरुस्तीला असायची. बरं, चाळीस. पण बाराचे टोले सुरू झाले की उमरेडचे कोंबडे दचकून आरवायचे, हे मात्र खरं. मी आठवड्याचे आठ दिवस काम करायचो. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. वडील रेल्वेच्या नोकरीपायी नागपुरात आले नि इथलेच झाले. शनिवार आमचा शब्बाथ, त्या दिवशी काम करायचं नाही. पण गावात ना आमचं प्रार्थनामंदिर, ना कोणी विचारणारं. मी शब्बाथ केव्हाच सोडून दिला होता.

मग पस्तिशीतच माझा उजवा हात थरथरायला लागला. घड्याळजीचा हात थरथरला म्हणजे संपलंच सगळं. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरावी, तर ती उडून थेट कळमेश्वरला जाऊन पडायची. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. येताना मी त्यांचंच बंद घड्याळ दुरुस्तीला घेऊन आलो.

त्या हिवाळ्यात वडिलांची नजर पार गेली. दर शनिवारी ते तोरा या आमच्या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा भाग वाचत, प्रत्येक ओळ दोनदा हिब्रूत, एकदा मराठीत. आता म्हणाले, "तू वाच."

"पप्पा, दुकान?"

"दुकानाला वाचता येतं का?"

बंद फळ्या पाहून शेजारचा पानवाला ओरडला, "काहून गा, दुकान बंद करून राहिला? शनी लागला का मागं?"

"शनी परवडला! बाप लागलाय."

दुपारी बंद दुकानातच अडखळत वाचायला बसलो. भाग होता वाळवंटातल्या मान्नाचा. रोज आकाशातून पडणारं अन्न, सहाव्या दिवशी दुप्पट, सातव्या दिवशी काहीच नाही. तरी काही हावरे सातव्या दिवशीही गोळा करायला गेलेच, नि रिकामे परतले. ती ओळ हिब्रूत दोनदा अर्थ न कळता वाचली, मराठीत आलो नि थबकलो. इतक्या हजार वर्षांपूर्वी माझी चहाडी कोणी करून ठेवली?

तेवढ्यात दुकानातलं एक घड्याळ बंद पडलं. रोज सकाळी मी सगळ्यांना किल्ली द्यायचो, आज शब्बाथ म्हणून दिली नव्हती. मग दुसरं थांबलं. मग पाच एकदम. मी उठायला लागलो.

"बस," पप्पा म्हणाले.

शेवटची टिकटिक थांबली. मी थापाड्या माणूस, पण त्या शांततेत भर घालायला माझ्याकडे एकही थाप नाही. सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी जो थांबला, तो देवच आमच्या दुकानात येऊन बसलाय, असं वाटलं. मी श्वासही हळू घेत होतो.

पुढचा शनिवारही पाळला. त्याच्या पुढचाही. पवित्र तंबूच्या मापांचे लांबलचक भाग आले. तेव्हा पप्पा घोरायचे, पण मी चुकलो की घोरता घोरता सुधारायचे.

उन्हाळा सरत आला असताना एका शनिवारी त्यांनी मध्येच हात वर केला.

"काय चुकलं?"

"काही नाही. इतके दिवस तू धरलेलं पान फडफडायचं. आज वाजत नाही."

मी खाली पाहिलं. हात माझाच होता, पण इतका स्थिर की ओळख पटेना.

"हं, वाच पुढं."

मला अक्षरं दिसेनात. मग पुढची ओळ त्यांनीच तोंडपाठ म्हटली, आणि मी त्यांच्यामागून म्हणत गेलो.