बूड नसलेलं टोपलं

आज सकाळी तोंड धुवायला अंगणात आलो तर टोपल्याच्या काठावर कावळा बसलेला. रात्री दव पडलं होतं, सोयाबीनच्या कुटाराचा ओला, आंबूस वास अंगणभर पसरला होता, आणि कडुनिंबाच्या खोडाला उंचावर ठोकलेल्या त्या जुन्या बांबूच्या टोपल्यावर बसून हा काळा पाहुणा मान वाकडी करून माझ्याकडे असा पाहत होता, जसा काही घराचा सातबारा त्याच्याच नावावर आहे. टोपलं तसं कापूस वेचणीचं, पण त्याला बूड नाही. नवा माणूस घरी आला की आधी टोपल्याकडे पाहतो, मग माझ्याकडे पाहतो, आणि म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलं असावं अशा समजुतीनं चहा पिऊन निघून जातो. मी कोणाला सांगत बसत नाही. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला समजावून सांगायची हौस कमी आणि पाठ फिरवायची सवय जास्त. पण तुम्ही वाचायलाच बसला आहात, तर तुम्हाला सांगतो.

त्या टोपल्याचं बूड माझ्या घरच्या बाईनं कापलं. तिचं नाव मी जन्मात कधी तोंडानं घेतलं नाही, आता लिहूनही घेत नाही. तिची ओळख सांगायची तर तिच्या हाताची सांगावी लागेल. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर जुनं लुगडं अंथरून ती कुरोड्या, मुंगवड्या वाळत घालायची आणि स्वतः दाराच्या सावलीत बसायची, बाजूला वावरातून आणलेल्या ढेकळांचा ढीग. कावळा बाजेवर उतरायचा अवकाश, की ढेकूळ त्याच्या शेपटीला लागलंच. नेम धरताना तिला मी कधी पाहिलं नाही. शेजारणीशी बोलता बोलता, लसूण सोलता सोलता तिचा हात खांद्यातून निघायचा, कोपरात थोडा थबकायचा आणि शेवटी मनगट असं खाली मोडायचं, जसं कोणी बोटांवरचं पाणी झटकावं. आमच्या गावच्या कावळ्यांच्या कितीतरी पिढ्या त्या मनगटाचा मार खाऊन शहाण्या झाल्या.

नात शाळेत असताना कुठूनसा चेंडू घेऊन आली आणि दिवसभर भिंतीवर आपटायला लागली. भिंतीवर गोवऱ्या थापलेल्या. त्या पटापट खाली. मी ओरडलो. आजी ओरडली नाही. ती आत गेली, विळा आणला, वेचणीचं कोरं टोपलं मांडीवर घेतलं आणि त्याचं बूड कापून काढलं.

"घ्या," मला म्हणाली, "चढा झाडावर. पोट्टीले फेकाले जागा पायजे."

"अवो, पण नवं टोपलं हाये न हे!"

"नवंच पायजे. जुनं कितीक दिस टिकन?"

मी चढलो. तिच्यापुढे माझं कधी चाललं नाही, आणि बाकी साऱ्या जगापुढे मी माझंच चालवलं. असा आमच्या संसाराचा हिशेब सरळ होता. त्या दिवसापासून संध्याकाळी कडुनिंबाखाली दोघी. एक चेंडू टाकायची, दुसरी बाजेवर बसून सांगायची, "मनगट मोड व माय, मनगट!" बास्केटबॉल हा शब्द तिला शेवटपर्यंत धड म्हणता आला नाही. ती त्याला 'टोपल्याचा खेळ' म्हणायची, आणि मला विचाराल तर तेच नाव बरोबर आहे.

नात यवतमाळला कॉलेजात गेली, तिथल्या मुलींच्या टीममध्ये खेळायला लागली. शनिवारी घरी यायची. ती येईपर्यंत आजी जेवायची नाही. एसटी उशिरा आली तर भाकर थंड व्हायची, पण म्हातारी उंबरठ्यावरून हलायची नाही. यंदा विद्यापीठाची मोठी स्पर्धा आमच्याच यवतमाळात होणार म्हणून तिनं मला आधीच बजावून ठेवलं होतं, "मलेबी घेऊन जाजा. एक डाव पाह्यतो कशी खेळते त." दसरा झाला, सोयाबीन निघालं, कापूस फुटायला लागला. वेचणीच्या पहिल्या दिवशी वावरात सीतादहीची, म्हणजे पहिल्या कापसाची, पूजा करून ती घरी आली, छातीत दुखतं म्हणाली, आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेली. इतकंच. जाणाऱ्याला वेळ लागत नाही, मागे राहणाऱ्याला लागतो.

नात घरी आली ती घरीच राहिली. तिकडे स्पर्धा सुरू झाली, मॅची तिच्यावाचून होत राहिल्या. तिच्या मैत्रिणी, कोणी पांढरकवड्याकडची, कोणी उमरखेडची, पडत-झडत फायनलला पोचल्या. फायनल आली ती नेमकी दहाव्याच्या दिवशी. तेरवीपर्यंत घरातलं कोणी खेळातमाशाला जात नाही ही आमच्या भावकीची रीत. आदल्या दिवशी दुपारी तिच्या मॅडमचा फोन आला. पोरगी नुसतं 'हो, हो' म्हणत होती आणि डोळे टोपल्याकडे.

"कवा हाये?" मी विचारलं.

"उद्या चारला. पण मी नाही जात आबा. लोक काय म्हणतीन?"

"लोकाइले म्हणू दे. उद्या पहाटं निघजो. तुह्या आजीनं कोऱ्या टोपल्याचं बूड कायले कापलं मंग? गोवऱ्या वाचवाले?"

ती पहाटे गेली. गावात वाऱ्याच्या आधी बातमी गेली.

सकाळी अडाण नदीच्या काठी आम्ही सारे जमलो. माझ्या मुलाचं, म्हणजे नातीच्या बापाचं, डोकं भादरलं, माझंही. पिंड मांडले, वर दह्याचा गोळा ठेवला, आणि आम्ही मागे सरून उभे राहिलो. पलीकडच्या बाभळीवर कावळे मोप होते. एकही उतरेना. अशा वेळी काय करतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल ते ओळखून त्याला शब्द द्यायचा, म्हणजे कावळा शिवतो. आणि पिंडासमोर दिलेला शब्द आमच्याकडे कोणी मोडत नाही. कोर्टाचा निकाल फिरेल, हा फिरत नाही. मुलगा म्हणाला, "आई, आबाले अंतर देणार नाही." कावळे बसलेलेच. "तुही गाय इकणार नाही." तरी बसलेलेच. ऊन चढलं, भादरलेली डोकी तापायला लागली.

मग माझा धाकटा भाऊ पुढे आला. भावकीत त्याचा शब्द चालतो. "दादा, उगी कायले वेळ काढता? वहिनीचा जीव पोट्टीत अडकला हाये. घरात सुतक, अन् पोट्टी चड्डी घालून खेळाले गेली. पोराले देऊ द्या शब्द, आजपासून तिचा खेळ बंद अन् उन्हाळ्यात लगन. मंग पाहा कावळा कसा येते त."

सारे माझ्या मुलाकडे पाहायला लागले. तो दहा दिवसांचा थकलेला, आईवेगळा झालेला, उन्हात उभा. त्यानं हात जोडले आणि तोंड उघडलं. मला दिसलं, की आता हा शब्द तोंडातून निघेल, आणि निघाला की माझ्या नातीला जन्मभर पुरेल. मी त्याचं मनगट धरलं.

"शब्द मागाचा त मले माग," मी भावाला म्हणालो. "बायको माही गेली. अन् कावळा कायले येईन रे? सारे उन्हाळे तिनं ह्याइले ढेकलं हाणले. बुडी खरंच गेली का दबा धरून बसली, तेच पाहून राह्यले ते!"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. गुरुजींनी उपरणं तोंडाला लावलं.

"हसाची गोष्ट हाये का दादा ही?"

"नाही. आता देतो मी शब्द, आयका सारे." मी पिंडापुढे गेलो. "तुही नात खेळन. हातपाय चालतीन तवरिक खेळन. तिले जो कोणी अडवन त्याची गाठ माह्याशी हाये."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला वाटलं होतं, यावा. एक तरी यावा. वाळूवर ऊन तडतडत होतं, पाण्याचा बारीक आवाज होता, आणि बाभळीवरून कोणी हललं नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

"पाह्यलं?" भाऊ म्हणाला. "नाही शिवला."

"नको शिवू दे. जित्तेपणी ती कोणाच्या हाकेनं जेवाले बसली नाही, आता बसन का?"

"मंग तेरवीले आमचं पान मांडू नका."

"नाही मांडत."

नदीत डुबकी मारली, धोतर पिळलं आणि तसाच रस्त्यावर येऊन काळीपिवळी जीपमध्ये बसलो. यवतमाळात कॉलेजच्या मैदानावर ही गर्दी. सिमेंटच्या पायऱ्यांवर जागा केली. मागच्या पोरांत खुसखुस झाली, "अबे, हा टकला बाबा कोनाच्या पार्टीचा हाये?" मी वळून म्हणालो, "सात नंबरच्या." तो नातीचा नंबर. सात नंबर चेंडू आपटत होती; तिनं वर पाहिलं, माझं भादरलेलं डोकं पाहिलं, आणि चेंडू तिच्या हातातून सुटून दूर गेला.

समोरच्या पोरी मोठ्या शहराच्या, उंच्यापुऱ्या, ताडमाड. आमच्या पोरी त्यांच्या काखेतून निघून जात होत्या, पण टोपल्यापर्यंत जाऊन परत येत होत्या. माझ्या नातीचा हात तर जडच झाला होता. तिनं टाकलेलं काही आत जाईना. शेजारी एक बाई बसली होती, उमरखेडकडची. तिची पोरगी टीममध्ये. ती पदरात तोंड धरून नुसती "अवं माय, अवं माय" करत होती. मध्ये सुट्टी झाली तशी मी पायऱ्या उतरून दोरीपाशी गेलो आणि नातीला एवढंच म्हणालो, "मनगट."

 सुट्टीनंतर पहिलाच चेंडू हातात आला तसा तिचा हात खांद्यातून निघाला, कोपरात थोडा थबकला, आणि शेवटी मनगट खाली मोडलं. मी ते पाहिलं. माणूस जातो, त्याचे कपडे वाटून टाकतात, त्याची बाज उन्हात उभी करतात, आणि त्याच्या हाताची एक लकब दहाव्या दिवशी भर मैदानात, दुसऱ्याच्या अंगात, उन्हात लखलखताना दिसते. मला रडू आलं नाही. मला अभिमान वाटला. त्या मनगटाचा आणि ते ओळखणाऱ्या माझ्या डोळ्यांचाही.

"तीन भेटले, तीन!" उमरखेडची बाई ओरडली.

"तीन कायचे? मंघा त दोन म्हणत होते."

"दुरून टाकला न बाबा, म्हणून तीन."

"मंग आमच्या बुडीचे सारे तीनच झाले असते," मी म्हणालो. तिला काही कळलं नाही, तरी ती हसली.

आमच्या पोरी भिडल्या. पडल्या, गुडघे फुटले, उठल्या. शेवटी आम्ही एकाच गुणानं मागे राहिलो आणि चेंडू सात नंबरच्या हाती आला. तिनं दुरूनच टाकला. चेंडू लोखंडी कडीवर बसला, घटकाभर इकडे झुकला, तिकडे झुकला, आणि बाभळीवरच्या त्या कावळ्यांसारखाच आत न येता निघून गेला. शिटी वाजली.

ती दुसऱ्या नंबरचा कप घेऊन माझ्यापाशी आली. "आबा, हारलो."

"दिसलं मले. डोळे शाबूत हायेत."

कप माझ्या हातात देऊन तिनं विचारलं, "आजीले कावळा शिवला?"

"नाही."

"काहून?"

"लय मारले न तिनं."

पोरगी हसायला लागली, आणि हसता हसताच माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

गावात बोलणं झालंच. कावळा शिवला नाही म्हणून पोट्टी हारली, असं पारावर ठरलं. मी पारावर जाऊन विचारलं, "मंग जितलेल्या पोट्ट्याइनं घरी कावळे पाळले होते का?"  तेरवीला भावाचं पान मांडलं नाही, तर भावकीतलं दुसरं कोणीही आलं नाही. फक्त धाकट्याची बायको आली, एकटी, आणि मागच्या दारानं नाही, समोरच्या दारानं. ज्या जावेसोबत जन्मभर वड्या घातल्या तिच्या तेरवीला येताना ती नवऱ्याला विचारून आली नव्हती. अन्न वाया जाणार म्हणून मुलगा कावराबावरा झाला होता, तेवढ्यात एसटीतून टीमच्या साऱ्या पोरी उतरल्या. पंगतीला बसल्या, भातावर वरण मागून मागून घेतलं, आणि उठल्यावर एकेकीनं कडुनिंबाखाली जाऊन त्या टोपल्यात एक एक चेंडू टाकला. तेरवीच्या दिवशी अंगणात खेळ झाला. व्हायचाच होता तो.

भावाशी अजून बोलणं नाही. परवा त्यानं निरोप पाठवला, ते टोपलं तरी काढा, त्यावर कावळा बसतो, बरं दिसत नाही. मी निरोप्याला चहा पाजला आणि टोपल्याला नवीन खिळा मारला. बांबू आता काळा पडला आहे, वीण सुटत चालली आहे. मीही तसाच. पण जे टिकायचं ते बांबूत नव्हतंच, हे मला ठाऊक आहे.

कावळा अजून बसून आहे. त्या दिवशी बोलावून आला नाही, आता न बोलावता रोज येतो. हा तोच आहे का, आणि काय पाहायला येतो, ते मी त्याला विचारत नाही. आज शनिवार. उन्हं कलली की एसटी येईल, नात दप्तर बाजेवर फेकेल आणि भाकरीच्या आधी चेंडू उचलेल. या कावळ्याला काय वाटतं, म्हातारी गेली म्हणजे रान मोकळं झालं? बस लेका, चारपर्यंत बस. आमच्या अंगणात कावळ्याला निवांत बसता येत नाही, अजूनही नाही.