कंडक्टरबाईंची डबल बेल

सदर कर्मचारी महिला असून पद वाहक, पाळी दुपारची. उंची मध्यम, आवाज उंचीच्या मानाने बराच जास्त. ओळखीची खूण : उजव्या तर्जनीवर घंटीच्या दोरीने पडलेला घट्टा. वर्तणूक समाधानकारक, चालत्या गाडीत केळ्याचं साल टाकणाऱ्या प्रवाशाला ते साल त्याच्याच छत्रीत घालून परत केल्याबद्दल एकदा तोंडी समज देण्यात आली आहे. क्रीडाकौशल्य : निरंक. कौटुंबिक स्थिती : विवाहित, पती हयात, सोबत राहतात.

शेवटची नोंद कार्यालयाने सद्भावनेने केलेली आहे. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर. शहर जागं होण्याआधी नळाला पाणी यायला हवं, म्हणून तो पहाटे निघायचा आणि दिवेलागणीनंतर जेवून लगेच आडवा व्हायचा. बाईंची गाडी डेपोत शिरायची तेव्हा तो एका कुशीवर घोरत असायचा. बाईंना जाग यायची तेव्हा त्याची चादर घडी होऊन बसलेली असायची. सुट्ट्याही एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या. एका घरात दोन भाडेकरू असावेत आणि दोघांनी मिळून एकच चप्पलस्टँड वापरावा, असा तो संसार होता.

बोलणं चालायचं ते झाकणांवरून. बाई निघण्याआधी भाजी करून ठेवायच्या. रात्री परतल्यावर झाकण सुलट असलं तर भाजी बरी झाली होती. उलटं असलं तर मीठ जास्त. झाकण भांड्याशेजारी ठेवलेलं असलं तर मीठ मुळी घातलंच नव्हतं. एकदा उलट्या झाकणावर चमचा आडवा ठेवलेला सापडला. बाई चार दिवस जिवाला घोर लावून फिरल्या. शेवटी नवरा जागा सापडला तेव्हा त्यांनी विचारलं, "अहो, त्या चमच्याचं काय होतं?"

"कुठला चमचा?" तो म्हणाला. "विसरला असेल."

सकाळपाळी मिळाली तर संध्याकाळचं जेवण दोघांना समोरासमोर बसून जेवता येईल, एवढंच बाईंचं मागणं होतं. ते त्यांनी वेळोवेळी मांडलं आणि कार्यालयाने ते वेळोवेळी विचारात घेतलं. विचारातून ते परत आलं नाही.

अशात डेपोच्या टाइमकीपरने करमणूक कक्षाच्या दारावर खडूने लिहिलं : टेबल टेनिस, दुहेरी. एका गाडीची किंवा एका टेबलाची जोडी. विजेत्या जोडीला कप आणि वर्षभर हवी ती पाळी.

हा कप दरवर्षी ड्यूटी लावणारे दोन कारकून जिंकत. त्यांची पाळी मुळातच दहा ते पाच, म्हणून ते मोठ्या मनाने तीच निवडत. आजवर बक्षिसाचा कोणाला उपद्रव झालेला नव्हता.

बाईंनी दारावरचं वाचलं आणि त्या तडक आपल्या ड्रायव्हरकडे गेल्या. या गृहस्थांना अख्खा डेपो 'सायलेन्सर' म्हणे. बाई त्यांना नाना म्हणत.

"नाना, टेबल टेनिस खेळायचं का?"

नानांनी गाडीची काच पुसली. दुसरी काच पुसली.

"येतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मलाही नाही. चालेल."

गुरू नात्यातच होता. बाईंची भाची नगरपालिकेच्या मैदानावर मुलांना टेनिस शिकवायची. टेबल टेनिस आणि टेनिस यांत फरक काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "अगं मावशी, खेळ एकच. मध्ये तेवढं टेबल." या विधानातली चूक सापडायला पुढे महिना गेला, पण तोवर दोघांना टेनिस बऱ्यापैकी येऊ लागलं होतं.

दुपारपाळीवाल्यांच्या सकाळी मोकळ्या असतात. पहिल्या सकाळी भाचीने रॅकेट हातात देऊन सांगितलं, "शेकहँड करतो तशी मूठ धरा." बाईंनी धरली. नानांनी रॅकेट दोन्ही हातांनी, स्टिअरिंग धरावं तशी छातीसमोर धरली आणि समोर पाहत राहिले.

"नाना, हॉर्न कुठंय?" बाई म्हणाल्या.

भाचीने एक हात सोडवला. मग ती म्हणाली, "आता गुडघे थोडे वाकवा, टाचा हलक्या, वजन पुढच्या चवड्यांवर. चेंडू कुठूनही येईल, असं उभं राहायचं." हे जमायला मुलांना आठवडे लागतात. बाई उभ्या राहिल्या आणि भाची त्यांच्याभोवती एक फेरी मारून आली.

"मावशी! तू हे कुठे शिकलीस?"

"खड्ड्यांच्या रस्त्यावर," बाई म्हणाल्या. "दांडी न धरता तिकीट फाडून बघ एकदा."

मग टप्पा-फटका. चेंडू जमिनीवर पडला की तोंडाने 'टप्पा' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'फटका'. डोळे चेंडूवर राहावेत म्हणून ही युक्ती. बाईंचा 'टप्पा' मैदानाबाहेरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जाई. पहिला फटका जाळीत गेला, दुसरा आकाशात. तिसरा मात्र रॅकेटच्या बरोबर मधोमध लागला. असा टणत्कार झाला, की हातातून खांद्यापर्यंत गोड झिणझिणी गेली. चेंडू जाळीवरून सरळ गेला, पलीकडच्या रेषेच्या आत पडला आणि कुंपणाला जाऊन थटला. बाई रॅकेट टाकून दोन्ही हात वर करून नाचल्या. "नाना, पाहिलंत? अहो, पाहिलंत का?"

"पाहिलं," नाना म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा न विचारता पुढचं वाक्य बोलले. "परत मारा."

त्या दिवशी गाडीतल्या प्रवाशांना सुटे पैसे हसतमुखाने परत मिळाले. काही जण घाबरले.

महिन्याभराने दोघं करमणूक कक्षात उतरले. कक्षात एक टेबल होतं. जाळीचं एक टोक शिकंज्यात आणि दुसरं बुटाच्या नाडीने बांधलेलं. टाइमकीपर पंच म्हणून चहा घेऊन बसला. बाईंनी सर्व्हिस केली. भाचीने शिकवलेली, खांद्यातून. चेंडू पंख्याला लागून टाइमकीपरच्या चहात पडला.

"बाई," तो चेंडू चमच्याने काढत म्हणाला, "हातात घेऊन बघा, वजन तरी लागतंय का? एवढ्याशा जिवावर एवढा राग?"

इथे सगळंच वेगळं निघालं. टेनिसमध्ये सर्व्हिस थेट पलीकडे. इथे आधी आपल्या बाजूला टप्पा, मग त्यांच्या. दुहेरीत तीही उजव्या कोपऱ्यातून समोरच्या तिरक्या कोपऱ्यात. टेनिसमध्ये चेंडू हवेतल्या हवेत मारता येतो. इथे आपल्या बाजूला टप्पा पडू दिल्याशिवाय हात लावायचा नाही. तिथे खांदा, इथे मनगट. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे दुहेरीत जोडीदारांनी आळीपाळीने मारायचं. एकाने मारला की पुढचा दुसऱ्यानेच मारला पाहिजे, मग तो कुठेही पडो.

बाई मैदानावर जाऊन भाचीवर कडाडल्या. भाची म्हणाली, "मावशी, मनगटाचं टेन्शन घेऊ नकोस. तू दिवसभर तिकिटं फाडतेस." हे मात्र खरं निघालं. तिकीट फाडताना मनगटाला जो झटका बसतो, तोच दिला की चेंडू पलीकडच्या कडेला चाटून असा खाली जाई, की मेकॅनिकांच्या जोडीला वाकून शोधावा लागे. बाईंना एवढा आनंद झाला की त्या गाडीत विनाकारण जास्त तिकिटं फाडावीत का, असा विचार करू लागल्या.

अडलं ते नानांवर. नाना नेमस्त मारत, पण मारून झालं की आहेत तिथेच उभे राहत. स्टॉपवर लागलेली गाडीच. पुढचा चेंडू बाईंनी मारायचा आणि समोर नाना. बाई डावीकडून घुसल्या, उजवीकडून घुसल्या, एकदा त्यांच्या काखेखालून बॅट काढून मारला.

"नाना, सरका की! मागे जागा रिकामी आहे!"

नाना हलले नाहीत. हे वाक्य इतकी वर्षं प्रवाशांसाठी होतं. त्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. बाई वैतागल्या आणि सवयीने ओरडल्या, "टिंग टिंग!"

नाना तत्काळ उजवीकडे सरकले. टेबल मोकळं झालं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उघडच होतं. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. दोन टोल्यांशिवाय ड्रायव्हरने गाडी जागची हलवली तर कार्यालय खुलासा मागतं. नानांकडून आजवर कोणी खुलासा मागितला नव्हता.

त्यानंतर मात्र जोडीला पाय फुटले. नाना मारत, बाई 'टिंग टिंग' म्हणत, नाना सरकत, बाई मारत. मेकॅनिक हरले. धुलाई विभाग हरला. चौकशी खिडकीवाल्या दोघी हरल्या आणि हरल्यावर चौकशी करू लागल्या. करमणूक कक्षाच्या खिडक्यांत माणसं लोंबकळू लागली. प्रत्येक 'टिंग टिंग'ला खिडकीतून "पुढे चला!" असा गजर उठे. नवऱ्यापर्यंतही बातमी पोहोचली असावी, कारण एके रात्री झाकण सुलट होतं आणि त्यावर अख्खं सफरचंद ठेवलेलं होतं. याचा अर्थ या वेळी विचारावा लागला नाही.

अंतिम सामना ड्यूटीवाल्या कारकुनांशी. एक जाडा, एक चष्मेवाला. दोघांचा खेळ असा गुळगुळीत, की चेंडू त्यांच्या बॅटवरून अर्ज सरकावा तसा सरकायचा. पहिला गेम त्यांनी घेतला, दुसरा बाईंनी. तिसऱ्या आणि शेवटच्या गेममध्ये बाई पुढे होत्या. कक्षात श्वास घ्यायला जागा नव्हती. चष्मेवाल्याने जाड्याच्या कानात काहीतरी सांगितलं.

पुढच्या चेंडूवर नानांनी मारला, बाई "टिंग टिंग" म्हणाल्या, नाना सरकू लागले आणि चष्मेवाला शांतपणे म्हणाला, "टिंग."

नाना जागच्या जागी थांबले. बाई मागून येऊन त्यांच्यावर आदळल्या. चेंडू टपटपत टेबलाखाली गेला.

"अहो, हा काय चावटपणा!" बाई म्हणाल्या.

"बेल वाजली, गाडी थांबली," चष्मेवाला म्हणाला. "नियमच आहे."

पुन्हा तेच. पुन्हा. बघता बघता कारकून बरोबरीला आले, मग पुढे गेले. खिडकीतून आरडाओरडा झाला. टाइमकीपरने चहा खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "घंटी मारायचा अधिकार गाडीत," त्याने जाहीर केलं. "टेबलावर कोणीही टोले मारायचे नाहीत. यांनीही नाही, त्यांनीही नाही."

"मग नाना सरकणार कसे?" बाई म्हणाल्या.

"ते पंचाचं काम नाही."

बाईंनी नानांकडे पाहिलं. नाना बॅट पुसत होते. काय सांगणार? एवढ्या वर्षांत त्या दोघांमध्ये बोलणं म्हणजे दोरीचे टोलेच होते. बाईंच्या डोळ्यांपुढे स्वयंपाकघर आलं, समोरासमोर मांडलेली दोन ताटं आली. त्या एवढंच म्हणाल्या, "नाना, आता तुम्ही आणि रस्ता."

नानांनी मान हलवली. हलवली असावी.

पहिला चेंडू. नानांनी मारला आणि उभे राहिले. खिडकीतला प्रत्येक माणूस ओठ आवळून 'टिंग टिंग' गिळत होता. चेंडू परत आला, नाना अर्धं पाऊल सरकले. बाईंनी बोटभर फटीतून कसाबसा परतवला. कारकुनांना एवढ्याची अपेक्षा नव्हती. जाड्याने जाळीत मारला. दुसऱ्या चेंडूला नाना पाऊलभर सरकले. तिसऱ्याला दीड. गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. बाईंनी मनगटाचा झटका दिला आणि बरोबरी झाली. पुढचा गुणही त्यांनीच घेतला, आणि आता सामन्याला एकच गुण हवा होता.

सर्व्हिस बाईंची. आपल्याकडे टप्पा, तिकडे टप्पा. जाड्याने परतवला, नानांनी मारला. चष्मेवाल्याने चेंडू मुद्दाम नानांच्या अंगावर मारला. आता बाईंची पाळी, आणि मध्ये अख्खे नाना. बाईंनी ओठ चावला. टोला नाही, इशारा नाही. आणि नाना, ज्यांनी घंटीशिवाय कधी क्लचवर पाय ठेवला नव्हता, ते असे झपकन बाजूला झाले की मागचं कपाट हाललं. टेबल रिकामं, लख्ख, मैदानासारखं. बाईंनी तिकीट फाडलं. चेंडू पलीकडच्या कडेला चाटला आणि नाहीसा झाला.

मग काय झालं ते कोणालाच नीट सांगता येत नाही, कारण सगळेच एकदम 'टिंग टिंग' ओरडत होते. जाळीची नाडी सुटली. टाइमकीपरचा चहा सांडला. बाई नानांचा हात गदागदा हलवत होत्या.

"नाना, बेल नव्हती! तरी सरकलात!"

"खुलासा द्यावा लागेल," नाना म्हणाले, आणि हसले. ते हसतात हे डेपोला तेव्हा कळलं.

कार्यालयाने रीतसर आदेश काढला. सदर वाहक व तिचा चालक यांस एक वर्षाकरिता सकाळपाळी मंजूर करण्यात येत आहे. सदर वाहकाच्या क्रीडाकौशल्यापुढील 'निरंक' हा शब्द वगळून 'आहे' असे वाचण्यात यावे. सदर बदल तात्काळ अमलात येईल.

पहिल्या संध्याकाळी दोन ताटं समोरासमोर मांडली गेली. बाईंनी सामना पहिल्या चेंडूपासून सांगितला. उलथन्याची बॅट झाली, मिठाची डबी नाना झाली आणि योग्य वेळी बाजूला सरकली. नवरा घास हातात धरून ऐकत होता. शेवटच्या गुणाला त्याने घास ताटात ठेवून टाळी वाजवली. मग तो पोटभर जेवला, हात धुऊन आला, भाजीचं झाकण उचललं आणि बायको समोर बसलेली असताना ते उलटं करून ठेवलं.

मीठ जास्त झालं होतं.