पाऊण तासाचा मोकळा रस्ता

गाडीच्या डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागला तेव्हा वाटलं, झालं, आता हीसुद्धा आजारी. घरात सासूबाई लकव्याने दोन वर्षं खाटेवर. नवरा नोकरीला गडचिरोलीत. शनिवारी रात्री येणार आणि रविवारभर झोपणार. कुरखेड्यात माझं जग म्हणजे मी शिकवते ती शाळा, मेडिकल, बुद्धविहार आणि घर, सगळं हाकेच्या अंतरावर. त्यातही घाई, कारण सासूबाईंजवळ बसलेल्या शेजारच्या बाईंचा जीव स्वतःच्या चुलीकडे लागलेला असायचा.

गाडी चढावर दम टाकायला लागली. एका मेकॅनिकने सेन्सर बदलून दिला. दिवा गेला आणि आठवड्याच्या आत परत आला. मग दुसऱ्याकडे नेली. त्यांनी स्कॅनर लावला, इंजिन चालू ठेवून बराच वेळ आकडे पाहिले.

"सेन्सर चांगला आहे, बाई. जाळीच्या अलीकडं दाब जास्त आहे, पलीकडं कमी. मंजे जाळी चोकली."

डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेत जाळी असते, आणि गाडी चांगली तापली की ती काजळी आपोआप जळून जाते, असं त्यांनी समजावलं. मग विचारलं, "गाडी कुठी कुठी जाते?"

मी सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही.

"मंग कशी तापन? तापाच्या आधीच तुमी घरी. इले मोठ्या रस्त्यावर मोकळी पळवा. पाऊण तास, एका चालीनं. मधात थांबवाची नाई."

ते गाडीबद्दलच बोलत होते, पण मला तिथेच रडू यायला लागलं. पाऊण तास, मोकळं, मधे न थांबता. मला तो पाऊण तास हवा होता. दुसरं काहीच नको होतं.

नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "रविवारी मी मारून आणतो वडशापर्यंत एक चक्कर. तू आईजवळ थांब."

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षं मी थांबूनच तर होते! आजार माझ्या फेऱ्यांचा आणि औषध घेणार हा! पण तोंडाने "बरं" म्हणाले. ते "बरं" मला चांगलंच जमतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. म्हटलं, तो यायच्या आत आपणच जाऊन यावं. पण शेजारच्या बाई धानाच्या रोवणीला शेतावर गेलेल्या. सासूबाईंना एकटं कसं टाकणार? किल्ली मुठीत धरून मी दारातच उभी राहिले, स्वतःशीच चडफडत. खाटेवरून सगळं दिसत होतं त्यांना.

"मले बी घाल न गाडीत," त्या म्हणाल्या.

उचलायची मला सवयच होती. पुढच्या सीटवर बसवलं, बाजूला उशी लावली, पट्टा बांधला. गाव मागे पडलं, धानाच्या बांध्या गेल्या, जंगल सुरू झालं. गाडीने एक चाल धरली. सासूबाईंनी काच उतरवायला लावली आणि तोंड बाहेर वळवून बसल्या. त्यांनाही दोन वर्षं झाली होती, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. इतके दिवस मी फक्त माझीच मोजत होते.

वडशाच्या थोडं अलीकडे दिवा विझला. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. मी वेग कमी केला, वळायला इंडिकेटर दिला.

"काऊन वो, हळू काऊन केली?"

"दिवा गेला, आई. झालं काम. फिरवते आता."

त्या समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. पदर वाऱ्याने कधीच डोक्यावरून घसरला होता.

"माया पोरगा काय पाहून राह्यला इथी?" त्या म्हणाल्या. "विझलाच नाई म्हन त्याले. चाल समोर."

मी इंडिकेटर बंद केला आणि वडशाच्याही पुढे ब्रह्मपुरीचा रस्ता धरला.