जात्याचं कारंजं

हल्ली माघ सरत आला, आंब्याला मोहर धरला, की कोरेगावात आमच्या भागातल्या लोकांना जुनं दिसण्याची हौस सुटते. ऊस कारखान्याला गेलेला असतो, हाताला काम नसतं. मग कुणी सागवानी दार शोधत गावोगाव हिंडतो. घर बांधताना बापाचं सागवानी दार भंगारात घालून लोखंडी दार बसवणारा माणूस हाच. शेजारच्या रिटायर सुभेदारांनी बैलगाडीचं चाक रंगवून कंपाउंडच्या भिंतीवर टांगलंय. त्याच चाकाखाली त्यांच्या वडलांचा पाय गेला होता. म्हातारा जन्मभर लंगडला. आता चाकाभोवती बारीक दिव्यांची माळ लुकलुकते. समोरच्यांनी हॉलमध्ये सारवलेल्या जमिनीसारखी दिसणारी फरशी करून घेतली, त्यासाठी पुण्याहून माणसं आणली. त्यांची आई आयुष्यभर सारवून कंबर मोडून घेत, शहाबादी घाला रे, शहाबादी घाला रे, म्हणत गेली.

मी या सगळ्यांना हसायचो. मनातल्या मनात, कारण मोठ्यानं हसायची मला सवय नाही. फौजेत क्लार्क होतो. तिथं एक गोष्ट शिकलो, की कमी बोलणाऱ्याला लोक आपसूक सज्जन धरतात. या समजुतीवर मी बरीच वर्षं काढली.

पेन्शनवर आलो आणि मोबाइल हातात आला. जुन्या घागरीत मनीप्लांट, कंदिलात बल्ब, पाटा-वरवंट्यावर ठेवलेली बुद्धाची मूर्ती, असलं काहीबाही दिवसभर बघायचो. आधी माझी फौजेतली काळी ट्रंक पिस्ता रंगानं रंगवून तिचं टीपॉय केलं. बायको म्हणाली, "आवं, ह्यावरनं कप उचलायला रोज मुजरा करायचा का? आन् आतल्या गोधड्या काढायच्या तर आधी पावण्यांस्नी उठवायचं?" मी मनावर घेतलं नाही. पावण्यांनी ट्रंकेचं कौतुक केलं होतं.

मग घरापुढची मोकळी जागा घेतली. खत घातलं, मोगरा लावला, गुलाबाच्या कुंड्या मांडल्या, विटांची तिरकी कड केली. पण मधोमध काहीतरी हवं होतं. गोठ्यात पोत्यांखाली आईचं जातं पडलं होतं.

इथं मला नीट लिहायला पाहिजे. आई गेली, दिवस झाले, आणि जमिनीचा विषय निघाला. मला एक मोठी बहीण, अक्का, कडेगावला दिलेली. हिस्सा तिचाही होता. आमच्याकडे बहिणींनी सही करून हक्क सोडायचा असतो. नाही सोडला तर माहेर सुटतं, असं कुणी म्हणत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतं. अक्कानं सही केली. करताना पाहुण्यांसमोर एवढंच म्हणाली, "मला काय नको. आईचं जातं तेवढं माझ्या पोरीच्या घाण्याला लागंल. तवर तुझ्याकडं राहू दे." लग्नाआधी सवाष्णी मुसळाला आंब्याची पानं बांधून, जात्यावर हळद दळून घाणा भरतात. आमच्या भावकीतल्या कितीतरी लेकींची हळद या जात्यावर निघाली होती. मी मान डोलावली. सगळं शेत एका जात्यावर मिटलं म्हणून त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले, तेही लिहितो.

तर ते जातं मी बाहेर काढलं. खालच्या दगडाला ड्रिलनं आरपार भोक पाडलं, त्यातून नळी वर घेतली, आणि वरचा दगड हलू नये म्हणून दोन्ही दगड सिमेंटनं चिकटवले. जातं हलू नये म्हणून खटपट करणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच. बटण दाबलं की तोंडातून पाणी बुडबुडत यायचं आणि खाली निळा दिवा लागायचा.

अक्काचं बोलणं विसरलो होतो, असं मी नंतर बायकोला सांगितलं. खोटं आहे. ड्रिल लावताना मला ते शब्दासकट आठवत होतं. मी मनाशी म्हटलं, पोरगी अजून शिकतेय. लग्न होईल तेव्हा होईल. हळद काय पाकिटातली मिळते. आणि अक्का काही बोलायची नाही. या शेवटच्या कारणावर माझा खरा भरवसा होता.

व्हिडिओ काढला, त्यावर बासरी टाकली आणि स्टेटसला ठेवला. जुन्या पलटणीतल्यांनी अंगठे पाठवले.

शिमग्याच्या तोंडावर अक्काचा फोन आला. "जमलं रं लेकीचं. पाडव्याच्या आत उरकायचंय. जातं न्यायला पोरं पाठवू का?"

"नको नको. मीच आणतो की."

"बरं हाय न्हवं ते?"

"बरंच हाय. त्याला काय धाड भरलीय?"

"न्हाई, म्हटलं इचारावं," अक्का म्हणाली, आणि फोन ठेवला.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. "वन्संस्नी खरं सांगा. आज सांगितलं तर शिव्या खाशीला. मागनं सांगितलं तर त्याबी मिळायच्या न्हाईत."

मी छिन्नी घेऊन बसलो. मी एरवी काही धड करत नाही, पण सिमेंट मात्र धड धरलं होतं. वरच्या दगडाचा टवका उडाला तेव्हा थांबलो. मग दुसरं जातं शोधायला बाहेर पडलो. दगडासारखा दगड, नेऊन ठेवायचा, कुणाला कळतंय, असा विचार.

गावात जाती चिक्कार होती. सुभेदारांच्या जात्यात कोरफड लावलेली. समोरच्यांच्या जात्यावर काच ठेवून टेबल केलेलं, काच डिंकानं डकवलेली. हायवेच्या ढाब्यावर एक जोडी होती, तिला लाल-पांढरा रंग देऊन वर "घरगुती चव" लिहिलं होतं. मालकाला विचारलं, हे फिरतं का? तो म्हणाला, "फिरून कसं चालंल साहेब? गिऱ्हाईक बसतंय त्याच्यावर." सगळ्या गावात जातं होतं आणि पसाभर हळद निघेल असं एक नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून एकच शहाणपणा केला होता. मला त्यातून थोडा दिलासाही मिळाला, इतका मी खालच्या पायरीवर होतो.

घाण्याच्या दिवशी रिकामी गाडी घेऊन कडेगावला गेलो. अंगणात मांडव घातलेला. सवाष्णी हिरव्या बांगड्या भरून बसलेल्या, मुसळाला पानं बांधून झालेली, आणि मधोमध धुतलेल्या पोत्यावर गव्हाचा चौक काढून जात्याची जागा मोकळी ठेवलेली. 

"आलं मामा आलं! जातं उतरवा गं कुणीतरी."

मी अक्काला बाजूला घ्यायला बघितलं. ती जागची हलली नाही. "हितंच बोल. काय झालं?"

"फुटलं अक्का."

"कवा?"

"आत्ताच. गाडीत चढवताना."

"आरारारा." तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि लेकीला हाक मारली. "ये गं हिकडं. तुझा फोन दाव मामाला. फुटायच्या आदी कसं होतं, बघू दे त्याला."

भाचीनं माझ्याकडं न बघता फोन पुढं केला. माझं स्टेटस तिनं उतरवून ठेवलं होतं. बासरी सुरू झाली. निळ्या उजेडात आईच्या जात्याच्या तोंडातून पाणी बुडबुडायला लागलं. बाया गोळा झाल्या.

"आगं बया, लय भारी की!"

"ह्यात हळद टाकली तर कारंजं पिवळं हुईल काय वं पावणं?"

"नवरीला हितंच अंघुळ घालू. बटान दाबलं की झालं."

बाया हसत होत्या. मीही हसलो. अशा वेळी माझं तोंड आपोआप हसतं. अक्का हसत नव्हती. म्हणजे लग्न जमल्याचं कळवलं तेव्हाच तिला सगळं ठाऊक होतं. फोन करून तिनं मला खरं बोलायची जागा करून दिली होती, आणि मी तिथं धाड भरली नाही म्हणून सांगितलं होतं.

"तुज्याकडं किती वावर आलं रं?" तिनं विचारलं.

बायांचं हसू थांबलं.

"अक्का, आता ते कशाला?"

"न्हाई, इचारतीया. मी जातं घेतलं, तू वावर घेतलंस. पावणं होतं साक्षीला. आता जातं तू ठेवलंस. मग माझं वावर मला दे की. मीबी त्यात कारंजं करीन."

कुणीतरी म्हातारी पुटपुटली, "लगीनघरात नगं बाई." नवरीमुलगी मान खाली घालून बांगड्यांशी चाळा करत होती. अक्का माझ्याकडं बघत राहिली. "दे" म्हणायला मला एक शब्द लागला असता. निदान अर्धा एकर, निदान विहिरीकडची पट्टी, असं काहीतरी तोंडातून काढता आलं असतं. मी मोगऱ्याला ठिबक करायचं ठरवलं होतं, त्याचं पाणी त्या पट्टीवरूनच यायचं होतं. ते मला आठवलं. लग्नघरात, बहिणीसमोर, मला मोगऱ्याचं पाणी आठवलं.

मी कमी बोलणारा माणूस. बोललो नाही.

"ऱ्हाऊ दे," अक्का म्हणाली. "देशील असं वाटलं न्हवतंच. फकस्त बघितलं." मग ती बायांकडं वळली. "चला गं, जात्याचं ऱ्हाऊ द्या. नुसतं मुसळावर उरकू. हळद कुटून घेऊ." आणि मला म्हणाली, "तू ऱ्हा. मामा पाहिजे मागं उभा ऱ्हायला. लोकं इचारत्यात."

मी लग्नापर्यंत राहिलो, बायकोही लग्नाला आली. मामा म्हणून भाचीच्या मागं उभा राहिलो, अक्षता टाकल्या, फेटा बांधून घेतला, फोटोत चांगला दिसलो. अक्का सगळ्यांदेखत माझ्याशी नीट बोलली, पानात आग्रहानं वाढलं. निघताना वाटेला लाडू बांधून दिले. घरी ये, असं मात्र ती म्हणाली नाही आणि मीही तिला म्हटलं नाही.

गाडीत बायको लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. डब्याचं झाकण दाबत म्हणाली, "काय वाटतंय तुमास्नी?"

मी तिला म्हटलं, लय वाईट वाटतंय. ऊस तुटून गेलेली मोकळी रानं दोन्ही बाजूंनी मागं जात होती. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं. अक्कानं वावर पुन्हा मागितलं नव्हतं.