शिखराशेजारचा तांब्याचा दांडा

"वहिनी, तुमच्या अमेरिकेची आमच्या गावाला गरज पडलीय," असं म्हणत पांडुरंग भावजी रविवारी सकाळी आमच्या पिंपरीच्या क्वार्टरच्या दारात उभे राहिले, आणि या प्रवासाचं ठरलं.

पांडुरंग भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते, पण राहायचे गावीच. रोज सायकलवरून शिफ्टला यायचे. माझी 'अमेरिका' म्हणजे माझा पीएच. डी.चा विषय. मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकवत होते आणि सुट्टीत विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून प्रबंधाची तयारी करत होते. सुरुवातीच्या काळात तिथं जाऊन वसलेले लोक प्रत्येक गोष्टीत देवाचा हात बघायचे. वादळ झालं, देवी आल्या, गाय मेली, तरी आपलं काय चुकलं याचा शोध घ्यायचे. शे-सव्वाशे वर्षांत त्यांचीच नातवंडं-पतवंडं निसर्गाचे नियम, पुरावा आणि बुद्धी यांची भाषा बोलायला लागली. हे कसं घडलं, हा माझा विषय. घरात त्याला सगळे 'अमेरिका' म्हणायचे.

गावाचं प्रकरण असं होतं. आदल्या वर्षी वळवाच्या पावसात भैरवनाथाच्या देवळावर वीज पडली आणि संध्याकाळची घंटा वाजवताना देवळाचे गुरव जागीच गेले. आता पुन्हा वळीव जवळ आला होता. कारखान्यात जाणाऱ्या पोरांनी वर्गणी काढून तडितरक्षक करून घेतला होता. तडितरक्षक म्हणजे उंच खांबावर तांब्याचा टोकदार दांडा, त्यापासून खाली आणलेली तांब्याची पट्टी आणि जमिनीत पुरलेला पत्रा. वीज पडलीच तर दांड्यावर पडते आणि पट्टीतून मातीत जाते. पण गावातली मोठी माणसं अडून बसली होती. देवाच्या डोक्यावर भाला रोवायचा म्हणजे देवावर विश्वास नाही असं सांगणंच की!

"तुम्ही त्या दिवशी जेवताना सांगत होता ना," भावजी म्हणाले, "तिकडं पण असंच भांडण झालं होतं म्हणून. तेवढं येऊन सांगा."

आमच्या यजमानांची पहिली पाळी होती. त्यांच्यासाठी पिठलं-भाकरी झाकून ठेवली, दोन दिवसांचं सामान पिशवीत भरलं आणि निघाले.

पहिला दिवस: भोसरी, मोशी आणि पुढे

नाशिक फाट्यापर्यंत बस मिळाली, तिथून भोसरीला दुसरी. भोसरीत इक्बालभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. दांडा त्यांनीच केला होता आणि तो त्यांच्याच टेम्पोतून न्यायचा होता. खांबाचा लांब पाइप मागे बाहेर आला होता. त्याच्या टोकाला त्यांनी लाल फडकं बांधलं आणि मला पुढच्या सीटवर बसवलं. भावजी मागे पाइप धरून बसले.

आज या रस्त्यावरून जाणाऱ्यांना खरं वाटणार नाही, पण भोसरी सुटली की कारखाने संपायचे. मोशीपर्यंत दोन्ही बाजूंना शेतं. रस्ता एकेरीच म्हणावा असा, समोरून ट्रक आला की एक चाक मातीत उतरवायचं. मोशीला आम्ही चहा घेतला. टपरीवरची भजी ताजी होती, बरोबर तळलेल्या मिरच्या. खर्च इतका किरकोळ की आता आठवतही नाही. मात्र चहा कपातून घ्यावा, बशीत ओतला की धूळ बसते, हा सल्ला तेव्हाही होता आणि आजही तोच देईन.

"मॅडम, गाववाले मला चढू देतील ना वरती?" इक्बालभाईंनी विचारलं. "मंदिराचं काम आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"आपल्याला काय? काम काम आहे. पण कुणाचं मन दुखायला नको."

इंद्रायणीचा पूल ओलांडला. पाणी आटलं होतं, पण डोहात म्हशी बसल्या होत्या. पुढे चाकणच्या अलीकडे उजवीकडे बैलगाडीची वाट लागते. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथली माणसं अजून आहेत.

दुपारी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. माझे चुलत सासरे, आबा, मधोमध बसले होते. भजनी मंडळ त्यांचं, आणि गावात त्यांचा शब्द शेवटचा. पलीकडे खांबाच्या आडोशाला बायका बसल्या होत्या. मी डोक्यावर पदर घेतला आणि बोलायला उभी राहिले.

फिलाडेल्फियाच्या एका छापखानेवाल्यानं असा दांडा सुचवला, हे सांगितलं. पुढे बॉस्टनला मोठा भूकंप झाला, तेव्हा तिथला एक धर्मोपदेशक म्हणाला की या लोखंडी दांड्यांनीच आकाशातली वीज जमिनीत उतरवली म्हणून जमीन हलली. देवाच्या हातातून सुटायला बघाल तर असंच होईल. त्याला तिथल्याच कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं मुद्देसूद उत्तर दिलं. लोक वर्षानुवर्षं भांडले, आणि शेवटी खुद्द चर्चवरही दांडे चढले. लोक ऐकत होते. मला वाटलं, छान चाललंय.

आबांनी विचारलं, "मंग त्या लोकांनी देव सोडला का, सूनबाई?"

"काहींनी सोडला, आबा. बऱ्याच जणांनी नाही. काही शहाणी माणसं म्हणायला लागली, की देव घड्याळ करणाऱ्या कारागिरासारखा आहे. जग केलं, किल्ली दिली आणि बाजूला झाला. आता घड्याळ आपल्या नियमानं चालतं."

आबांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "बाजूला हुबा ऱ्हाणारा द्येव घिऊन आमी काय करावं?"

कुणी हसलं नाही. तेवढ्यात खांबाआडून एक बाई उठली. चाळिशीची असेल. गेलेल्या गुरवांची बायको, हौसाबाई.

"बाई, एक इचारू?" ती म्हणाली. "ह्यो दांडा मागल्या साली आसता, तर आमचं मालक वाचलं आसतं का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "बहुतेक वाचले असते."

तिनं पदर सावरला आणि पायऱ्या उतरून निघून गेली. बैठक तिथंच मोडली. माणसं चपला शोधत उठली. भावजी माझ्याजवळ आले.

"हो कशाला म्हणालात, वहिनी?"

"खोटं बोलू?"

"खोटं न्हाई, पण..."

उन्हं उतरल्यावर मी एकटीच हौसाबाईंकडे गेले. देवळामागे दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, पण हातानं बसायची खूण केली. मीही शेंगा फोडायला घेतल्या.

"समद्यांनी सांगितलं, देवानं न्येलं," त्या म्हणाल्या. "सेवा करताना न्येलं. आसं मराण कुणाला मिळतंय? तेवढ्यावर म्या साल काढलं. आन तुमी आज सांगताय, येका दांड्याची खोट हुती."

"माझं चुकलं असेल सांगण्यात," मी म्हणाले.

"न्हाई. आजून एक हाय." त्यांनी आवाज खाली आणला. "बाया म्हणत्यात, वीज माज्यामुळं पडली. त्या दिशी म्या बाजूला बसलेली. मालक घाईत हुतं, म्हून समईचं तेल म्याच भरून दिलं हातात. इटाळ झाला, म्हून नाथ कोपला. तोंडावर कुणी म्हणत न्हाई. पर तवापासनं देवळाची पायरी म्या चढले न्हाई. आज तुमी येणार म्हून पयल्यांदा आले."

माझ्या प्रबंधात न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या मुलखातल्या, अशा बायका होत्या. मूल गेलं की आपलं कुठलं पाप भोवलं, हे शोधत बसलेल्या. त्यांच्याबद्दल मी पानंच्या पानं लिहिली होती, पण अशी एखादी समोर बसून शेंगा फोडेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

"हौसाबाई, वीज उंच जागा बघते," मी म्हणाले. "शिखर उंच आहे. घंटेची साखळी लोखंडी आहे, आणि ते साखळी धरून उभे होते. इतकंच. समईत कुणी तेल घातलं, हे विजेला कळत नाही."

"मंजी माजं काय न्हाई त्यात?"

"काही नाही."

"त्यांचंबी काय चुकलं न्हाई?"

"नाही."

"आन देवाचं?"

मी हातातली शेंग फोडली. "ते मला माहीत नाही," म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग चुलीवर चहा ठेवला. गुळाचा, बिनदुधाचा.

दुसरा दिवस: गाव, आळंदी, घर

सकाळी माणसं पुन्हा जमली, कारण हौसाबाईंनीच आबांकडे निरोप धाडला होता. त्या यावेळी खांबाआड बसल्या नाहीत.

"दांडा बसवा," त्या म्हणाल्या. "पर शिखराला भोक पाडायचं न्हाई. आन बाईंनी काल मला जे सांगितलं, ते हितं समद्यांम्होरं सांगायचं."

इक्बालभाई म्हणाले, "शिखराला हात लावायची गरजच नाही, आबा. बाजूला खांब उभा करतो, शिखरापेक्षा उंच. काम तेच होतं."

मग मी सांगितलं. वीज कुणाच्या पापानं पडली नाही, कुणाच्या विटाळानं पडली नाही, गुरवांच्या घरातल्या कुणाचाही त्यात काही दोष नाही. 'विटाळ' हा शब्द मी देवळात, पुरुषांसमोर उच्चारला, तेव्हा काही बायकांनी माना खाली घातल्या. एक म्हातारी उठून चालायला लागली.

"बस खाली," आबा तिला म्हणाले. मग हौसाबाईंकडे वळले. "पोरी, ह्ये माज्या कानावर आलं हुतं. म्या बोलायला पायजे हुतं. न्हाई बोललो." त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "द्येव बाजूला हाय का आत हाय, ते म्या मरताना बघंन. पर ह्या बाईवर आता कुणी बोट दावायचं न्हाई."

खड्डा पोरांनी खणला. त्यात तांब्याचा पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, वरून घागरी ओतल्या. खांब दोर लावून उभा करायला अर्धा गाव लागला. इक्बालभाई शिडीवर चढून पट्टी आवळत होते आणि खालून दहा माणसं त्यांना सूचना करत होती. आबांनी नारळ फोडला आणि खांबाच्या बुडाला हळद-कुंकू वाहिलं. भावजींनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. मला मात्र त्यात वावगं वाटलं नाही. बॉस्टनवाल्यांनीही चर्च पाडली नव्हतीच.

सगळं आटपल्यावर हौसाबाई गाभाऱ्यापर्यंत गेल्या, समई लावली, बाहेर येऊन घंटेखाली उभ्या राहिल्या. साखळीला हात लावला आणि काढून घेतला. पुन्हा लावला. घंटा एकदाच वाजली. मग त्या पायरीवर बसून रडायला लागल्या. आवाज न करता, पुष्कळ वेळ. त्यांच्या शेजारी जाऊन बसली ती सकाळी उठून निघालेली म्हातारीच.

दुपारी पंगतीत बेसनाची मासवडी आणि बाजरीची भाकरी होती. या भागात गेलात तर मासवडी घरच्या चुलीवरचीच खा.

इक्बालभाईंनी मला मोशीत सोडलं. तिथून आळंदीची बस मिळाली म्हणून वाट वाकडी केली. घाटावर वारकरी शिक्षण घेणारी मुलं पाठ म्हणत बसली होती. तासभर पाण्यात पाय सोडून बसले आणि संध्याकाळच्या बसनं पिंपरीला परतले.

"काय, पटवलंस का गावाला?" यजमानांनी विचारलं.

"खांब उभा राहिला," मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी प्रबंधाचं तिसरं प्रकरण काढून पुन्हा लिहायला घेतलं. त्यात धर्मोपदेशक होता, प्राध्यापक होता, दोघांची भाषणं होती. ज्यांच्या घरात माणूस गेलं होतं, ते नव्हते. आभाळाच्या मनात तुमच्याविषयी राग नव्हता, हे प्रथम ऐकल्यावर त्या बायकांना हलकं वाटलं, की आणखी एकटं वाटलं? मी शोधलं. फारसं हाती लागलं नाही. त्यांनी लिहून ठेवलेलं थोडं, आणि त्यातही हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

हौसाबाईंना मी तेवढं विचारलं, पुढे दोन वर्षांनी, एका लग्नात भेटल्या तेव्हा. त्या पानाला चुना लावत होत्या.

"दोनी हाय," त्या म्हणाल्या. "दिवसा हलकं वाटतं." आणि मला शेजारी जागा करून दिली.