सुमनआक्काचं गायरान

सुमनआक्का गेल्याचा निरोप मधल्या सुट्टीत आला. तिचा भाऊ बेळगावच्या दवाखान्यातून थेट शाळेत आला होता. व्हरांड्यात चपला काढून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आक्का पहाटे गेली." मी त्याला बसवलं, घंटा झाली म्हणून मुलांना वर्गात घेतलं, पाढे म्हणायला लावले आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. त्याला आता महिना उलटून गेला...

आक्का आमच्या गावची नर्स. निपाणीच्या बौद्ध वस्तीत वाढलेली. आईनं तंबाखूच्या वखारीत राबून तिला शिकवलं. मी बेळगुंदीची, शेतकऱ्याघरची. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर कोगनोळीच्या वाटेवरच्या या गावात आम्ही दोघी थोड्या दिवसांच्या अंतरानं नोकरीला आलो. दोघीही परक्या, म्हणून जवळ आलो. बाळंतपणाला ती कुठल्याही घरात थेट आतल्या खोलीपर्यंत जायची. एरवी त्याच घरात तिला बाहेर ओट्यावर बसवत. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

दुष्काळात गायरानातली झाडं जळणासाठी तोडली गेली होती. बायकांना सरपणाला डोंगरापर्यंत जावं लागे. बौद्धवाड्यातली यल्लव्वा, दिवस भरत आलेली, डोक्यावर मोळी घेऊन परतताना वाटेतच बाळंत झाली. आक्का पोचेपर्यंत आई आणि लेकरू दोन्ही गेली होती. आक्कानं तिचं लुगडं सारखं केलं, लेकराला तिच्या कुशीत ठेवलं आणि माणसं येईपर्यंत तिथंच उन्हात बसून राहिली. त्यानंतर बरेच दिवस ती कामापुरतंच बोलायची. मग एका संध्याकाळी म्हणाली, "गायरानात झाडं लावूया गं. फणस, जांभूळ, आवळा, शेवगा, कडंनं जळणाला बाभळ, सावलीत हळद-अळू. रानासारखं वाढू द्यायचं आनि समद्या गावानं राखायचं. बाईमाणसानं सरपणासाठी मरायला नको."

शाळा सुटल्यावर आम्ही दारोदार फिरू लागलो. चुलीपाशी बायका लगेच हो म्हणायच्या. त्यांची लेकरं आक्काच्याच हातावर जन्मलेली. पण मध्येच एखादी आवाज खाली आणून विचारायची, "झाडं लावू आक्का, पर फळं कुणी काढायची?"

"ज्याला भूक लागंल त्यानं."

मग ती चुलीत फुंकर घालत राही... बौद्धवाड्यात तर माणसं खड्डे खणायला निघालीच होती. पावसाळ्याच्या तोंडाला देवळासमोर बैठक बसली. गावात ज्यांचा शब्द चाले ते बापूसाहेब शांतपणे म्हणाले, "झाडं लावा, आमची ना न्हाय. मधनं तेवढं कुंपण घाला. तुमची तिकडं, आमची हिकडं."

आक्का उठली. "मग बाळंतपणाला मी कुंपणाच्या कुठल्या अंगानं येऊ, बापूसाहेब?"

मी बोलायला उभी राहिले तर मागून आवाज आला, "बाई, तुम्ही शाळा बघा." चुलीपाशी हो म्हणालेल्या बायका देवळाच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. तेव्हा बौद्धवाड्यातले म्हातारे रामाआप्पा आक्काजवळ येऊन म्हणाले, "आक्का, अर्धं तर अर्धं. घेऊया. पोरींचं हाल तरी कमी हुतील."

आक्का म्हणाली, "न्हाय आप्पा. कुंपण घालून मी झाड लावणार न्हाय."

बैठक मोडली. गायरान तसंच मोकळं पडलं आणि वर्षभरात तिथं तंबाखूची पत्र्याची वखार उभी राहिली. बायकांना सरपणाला पुन्हा डोंगरच उरला. यल्लव्वाची सासू आक्काला तोंडावर म्हणाली, "तुझ्या ताठ्यापायी आमचं अर्धं बी गेलं." आक्का तिच्यासमोर उभी राहून ऐकत होती. पुढं त्याच घरातल्या धाकट्या सुनेचं बाळंतपण तिनं केलं, बापूसाहेबांच्या नातवाचंही केलं. झाडांचा विषय मात्र माझ्याशीसुद्धा काढला नाही.

काढला तो दवाखान्यात, आमच्या शेवटच्या भेटीत. अंगात काही उरलं नव्हतं. मी मोसंबी सोलत होते. ती छताकडे बघत म्हणाली, "अर्धं घ्यायला पायजे हुतं का गं?" बैठकीत मला वाटलं होतं, ती बरोबर होती. पण डोंगराच्या वाटेनं वाकून येणाऱ्या बायका मी रोज शाळेतून बघत होते... मी फोड तिच्या ओठांशी धरली. तिनं मान फिरवली.

परवा तिच्या भावाबरोबर तिची खोली आवरायला गेले. खाट खिडकीला लावलेली, आणि खिडकीसमोर वखार. दुपारी पत्रा असा तळपतो की डोळे उघडे ठेवता येत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात मी तिला खाट हलवायला सांगितलं होतं. "तिकडं नुसती भिंत हाय," ती म्हणाली होती, "हितनं मानसं जाताना दिसत्यात." भाऊ भांडी बांधत होता. मी खाटेवर टेकले. वखार सुटली, तंबाखूनं पिवळ्या पडलेल्या पदरानं तोंड पुसत बायका बाहेर पडल्या. पोटुशी असलेली एक जण खिडकीशी थांबली, आक्काला काही विचारायच्या सवयीनं आत वाकली. खाटेवर मला पाहून क्षणभर तशीच राहिली, आणि काही न विचारता पुढे गेली.