पाद्री अंकलांचा रविवार

पाद्री अंकल शुक्रवारला रविवार म्हणत. अमिरातीत सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चमधली मोठी मिस्साही शुक्रवारी, आणि मिस्सा ज्या दिवशी तो रविवार, असा त्यांचा साधा हिशेब. फुजैरा बंदरात जहाजांना तेल पुरवणाऱ्या आमच्या कंपनीत ते स्टोअर सांभाळत आणि मी अकाउंट्स. त्यांनी कुणाला "रविवारी भेट" म्हटलं की तो माणूस दोन दिवस उशिरा येई, आणि वर त्यालाच बोलणी खावी लागत.

मूळचे वसईचे. पाद्री वगैरे नव्हेत; बायको, मुलगी रीटा, केळीची वाडी सगळं गावी होतं. पण जेवणाआधी डोळे मिटून मराठीत प्रार्थना म्हणत, म्हणून कंपनीचा ड्रायव्हर गुल खान त्यांना पाद्री म्हणू लागला आणि तेच नाव पडलं.

गुल खान पेशावरकडचा. दर शुक्रवारी कंपनीच्या पिकअपमधून अंकल चर्चला जात, गुल खान पलीकडच्या मशिदीत जुम्म्याला आणि मी भाजीला. पेट्रोलचा खर्च मी स्टाफ वेल्फेअरच्या खात्यात टाकत असे. ज्याचं आधी आटपेल त्याने गाडीपाशी थांबायचं. बहुतेक अंकलच थांबत. गुल खान दिसला की म्हणत, "आज मौलवी बहुत बोला."

"तुम्हारा पाद्री भी कम नहीं बोलता, ऊपर से गाता है. यल्ला, बैठो."

आमच्या मरीन विभागाचे साहेब युरोपातले. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. माणूस दिलदार. नवं शतक नुकतंच लागलं होतं. त्यांच्या देशात एक नवा पक्ष जोरात होता: देश ख्रिस्ती आहे, इथे मुसलमान नकोत, मशिदी नकोत. कॅप्टनची बहीण तिथे वृद्धाश्रम चालवी आणि तिला नर्स हव्या होत्या. रीटा नुकतीच नर्सिंग पास झाली होती. कॅप्टन आपणहून स्टोअरमध्ये आले. मी तिथे स्टॉक तपासत होतो.

"मुलीला पाठव. मी बहिणीला लिहितो, ख्रिस्ती कुटुंब आहे, आपल्यातलं. त्या दुसऱ्या लोकांपैकी नाही." सोबत त्यांनी वर्तमानपत्रातला मोर्चाचा फोटो दाखवला. लोकांच्या हातांत क्रूस आणि मशिदीविरुद्धच्या पाट्या.

अंकलनी फोटो नीट पाहिला. "ह्यातले चर्चला किती जातात, कॅप्टन?"

कॅप्टन हसले. "मीसुद्धा जात नाही. प्रश्न चर्चचा नाही, आपण कोण आहोत ह्याचा आहे."

"मग एवढंच लिहा, मुलगी नर्स आहे आणि कामाला चांगली आहे."

"ख्रिस्ती लिहिलं तर काम लगेच होईल. बहीण त्याच पक्षात आहे."

"मग राहू द्या."

कॅप्टन खांदे उडवून गेले. मला राहवलं नाही. "अंकल, पगार इथल्या चौपट. एक शब्द लिहायचा होता, आणि तो खोटाही नव्हता."

"खोटा नव्हता रे, साठे. पण इथे आपण परके. तरी इथल्या शेखांनी चर्चला जागा दिली. तिथे मशिदीला जागा नको म्हणणाऱ्यांच्या ओळखीने रीटा लागली, तर रविवारी गुल खानच्या गाडीत कुठल्या तोंडाने बसू? आणि त्याला ह्यातलं काही सांगू नकोस."

गावाहून काकूंनी महिनाभर फोन घेतला नाही. रीटा मुंबईत कमी पगारावर लागली. त्या वर्षी कायमचे परतायला निघालेले अंकल आणखी चार वर्षं राहिले. हिशेब मांडला तर सौदा तोट्याचा होता. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

अखेर ते गावी परत निघाले. गुल खाननेच त्यांना दुबई विमानतळावर सोडलं.

पुढच्या शुक्रवारी मी भाजी घेऊन लवकर आलो. नमाज संपताच गुल खान मशिदीतून जवळजवळ धावत आला, कुणी खोळंबलं असल्यासारखा. गाडीपाशी मी एकटाच होतो. तो थबकला. चर्चच्या फाटकाकडे पाहिलं, किल्ली काढली आणि स्वतःच म्हणाला, "आज मौलवी बहुत बोला."